प्रोसेसरचं तापमान सारखं वर-खाली का होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा पीसी जोडून घेतला, हौसेनं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं आणि आकडा ३८, ६१, ४४, ५७ अशा उड्या मारताना दिसला, की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. दुकानदार 'नॉर्मल आहे' म्हणून मोकळा होतो, पण का नॉर्मल आहे ते सांगत नाही. ते 'का' एकदा समजलं की खरा बिघाडही लवकर ओळखता येतो, म्हणून हे पान. सगळी तापमानं अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

ब्राउझर उघडला की तापमान ४० वरून एकदम ६५ वर जातं आणि दोन-तीन सेकंदांत खाली येतं. प्रोसेसर खराब आहे का?

नाही. ब्राउझर उघडताना प्रोसेसरवर थोड्या वेळासाठी भरपूर काम येऊन पडतं. फाइली मेमरीत आणायच्या, जुने टॅब परत उभे करायचे, प्रत्येक पानातला कोड चालवायचा. हे झटपट उरकावं म्हणून प्रोसेसर तेवढ्यापुरता आपल्या सगळ्यात वरच्या वेगावर जातो आणि काम संपताच परत मंदावतो. तापमानाचा आकडा या धावपळीच्या मागोमाग हलतो. २०-३० अंशांची अशी उडी रोजच्या वापरात अगदी साधी गोष्ट आहे.

पण एका सेकंदात २५ अंश? एवढी उष्णता इतक्या लवकर येते कुठून?

आधी वीज पाहू. प्रोसेसर काम करताना खातो ती वीज साधारणपणे वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. समजा एखादा कोअर (प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) ०.८ व्होल्टवर ८०० मेगाहर्ट्झनं रेंगाळत होता आणि काम आल्यावर १.३ व्होल्टवर ४.५ गिगाहर्ट्झला गेला. वेग साडेपाच पटींहून थोडा जास्त झाला आणि व्होल्टेजच्या वर्गामुळे आणखी अडीच पटींहून जास्त भर पडली. दोन्हींचा गुणाकार केला तर त्या कोअरचं वीज खाणं जवळपास १५ पट होतं, आणि हा बदल काही मिलिसेकंदांत घडतो. खाल्लेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते.

आता जागा पाहू. एएमडी कंपनीच्या २०१९ च्या रायझन ३००० या प्रोसेसर मालिकेत सिलिकॉनच्या ज्या तुकड्यावर आठ कोअर बसवलेत, त्याचं क्षेत्रफळ आहे ७४ चौरस मिलिमीटर. म्हणजे नऊ मिलिमीटर बाजूच्या चौरसाहूनही लहान. त्यातला एकच कोअर पूर्ण जोरात चालला तर काही चौरस मिलिमीटर जागेत १५-२० वॅट उष्णता तयार होते. तापमानाचे सेन्सर याच सिलिकॉनमध्ये, तापणाऱ्या भागाच्या शेजारी असतात. म्हणून तुम्ही पाहता तो आकडा हीटसिंकचा (कूलरमधल्या, उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पात्यांचा) नसतो, सिलिकॉनच्या त्या तापलेल्या कोपऱ्याचा असतो. फोडणीच्या पळीतलं तेल क्षणात तापतं आणि मोठ्या पातेल्यातल्या पाण्याला वेळ लागतो, तसाच फरक सिलिकॉनचा तुकडा आणि त्यावरचा अर्धा-एक किलोचा कूलर यांच्यात आहे. सिलिकॉन मिलिसेकंदांत तापतं-निवतं. त्यावरचं तांब्याचं झाकण आणि हीटसिंक यांना काही सेकंद ते काही मिनिटं लागतात. कॅबिनेटमधली हवा आणि खोली तर त्याहूनही सावकाश बदलतात.

हे तीन वेग लक्षात ठेवा. क्षणात होणारा बदल सिलिकॉनचा, मिनिटांत होणारा कूलरचा, तासांत होणारा खोलीचा. पुढची बरीचशी उत्तरं यातूनच निघतात.

माझ्या जुन्या पीसीत आकडा असा उडत नव्हता. नवे प्रोसेसर वाईट झाले का?

उलट ते हुशार झाले. पूर्वी प्रोसेसरचा वेग बराच स्थिर असायचा. इंटेलनं २००८ मध्ये पहिल्या कोअर आय७ बरोबर टर्बो बूस्ट आणलं आणि गरज पडेल तेव्हा ठरलेल्या वेगाच्या वर जाणं सुरू झालं. तरी वेग कधी बदलायचा हे बराच काळ ऑपरेटिंग सिस्टिम सांगायची आणि तिला उशीर लागायचा. २०१५ च्या सहाव्या पिढीपासून स्पीड शिफ्ट आलं आणि हा निर्णय प्रोसेसर स्वतःच, फार कमी वेळात घेऊ लागला. एएमडीच्या रायझनमध्येही २०१७ पासून तापमान, करंट आणि वीज पाहून वेग सतत बदलत राहतो. त्यातच ट्रान्झिस्टर लहान झाले, उष्णता आणखी कमी जागेत कोंडली गेली.

हलक्या कामात उडी जास्त ठळक दिसते, याचं अनेकांना आश्चर्य वाटतं. एखाद-दुसराच कोअर जागा असतो तेव्हा त्याला सर्वांत जास्त वेग आणि त्यासोबत सर्वांत जास्त व्होल्टेज मिळतं. सगळे कोअर एकदम राबू लागले की वेग आणि व्होल्टेज दोन्ही थोडं खाली येतं, एकूण उष्णता जास्त असते, पण आकडा एका जागी स्थिरावतो. म्हणून रेंडर (व्हिडिओ किंवा चित्र तयार करायचं जड काम) लावलेला पीसी शांत ७५ वर चालतो आणि नुसता ईमेल वाचताना तोच पीसी ४० ते ६० मध्ये हिंदकळत राहतो.

इंटेलच्या आय७-७७००के बद्दल खूप ऐकलंय. तो प्रोसेसर सदोष होता का?

तापमानाच्या उड्यांचं हे सर्वांत गाजलेलं प्रकरण. २०१७ च्या सुरुवातीला आलेला चार कोअरचा, ४.२ गिगाहर्ट्झचा, टर्बोत ४.५ पर्यंत जाणारा, ९१ वॅट टीडीपीचा (कूलर किती उष्णतेसाठी बेतायचा तो आकडा) हा प्रोसेसर. ग्राहकांनी तक्रार केली, की साधा ब्राउझर किंवा एखादं सॉफ्टवेअर उघडलं तरी आकडा थेट ९० पर्यंत झेपावतो आणि पंखा मध्येच घोंघावून परत गप्प होतो. इंटेलनं उत्तर दिलं, की एखादं काम पार पाडताना तापमानात असा क्षणिक बदल होणं सामान्य आहे, तपासणीत अपेक्षेबाहेरचं काही आढळलं नाही, पंख्याचा वेग मदरबोर्डच्या सेटिंगमधून सौम्य करता येईल आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर वेग किंवा व्होल्टेज वाढवू नये, झाकण काढू नये. जो प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर चालवण्यासाठी, मोकळा ठेवून विकला, त्याच्याच ग्राहकांना हा सल्ला मिळाल्यानं लोक चिडले, आणि ते चिडणं मला रास्त वाटतं.

तांत्रिक बाजूनं इंटेलचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण अर्धवट होतं. त्या काळात इंटेलच्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये सिलिकॉन आणि धातूचं झाकण यांच्यामध्ये थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा मलमासारखा थर) असायची. २०१२ पासून हेच चाललं होतं. पेस्टमधून उष्णता सोल्डरपेक्षा (वितळवून जोडलेल्या धातूपेक्षा) सावकाश जाते, त्यामुळे ती सिलिकॉनमध्येच साचते आणि उडी उंच होते. वर कितीही महागडा कूलर लावा, अडथळा झाकणाखालीच आहे. म्हणूनच हौशी मंडळी झाकण काढून लिक्विड मेटल लावायची आणि तापमान ठळकपणे खाली यायचं. २०१८ मध्ये आय९-९९००के आणि त्याच्या भावंडांत इंटेलनं सोल्डर परत आणलं.

तुमच्याकडे आजही ७७००के असेल आणि आकडा क्षणभर ८० पार जाऊन लगेच उतरत असेल, तर तो तसाच घडवलेला आहे. वापरा निर्धास्तपणे.

रायझनमध्ये आकडा आणखीच चंचल दिसतो. का?

कारणं वरचीच, जोडीला एक-दोन खास. पहिल्या पिढीच्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्स मध्ये सॉफ्टवेअरला मिळणाऱ्या आकड्यात २० अंश मुद्दाम मिळवलेले होते. सगळ्या मॉडेलांत पंख्याचं वागणं सारखं राहावं असा हेतू. ज्यांना हे ठाऊक नव्हतं त्यांनी चांगले चालणारे पीसी दुकानात परत नेले.

दुसरं प्रकरण २०१९ चं. रायझन ३००० आले आणि काहीच चालू नसताना व्होल्टेज-तापमान चढलेलं दिसू लागलं. शोध घेतल्यावर कळलं, की तापमान मोजणारी काही सॉफ्टवेअर दर क्षणी सगळ्या कोअरना विचारणा करत होती. झोपलेला कोअर विचारणा आली की जागा होणार, जागा झाला की वेग घेणार, आणि मग सॉफ्टवेअर तोच चढलेला आकडा तुम्हाला दाखवणार. एएमडीनं त्या जुलैत चिपसेट ड्रायव्हरमधून पॉवर प्लॅन सुधारला, जेणेकरून असल्या किरकोळ कामांसाठी कोअर उगाच उसळी घेणार नाहीत. धडा आजही लागू आहे: दोन-तीन मोजणारी सॉफ्टवेअर एकाच वेळी चालवू नका आणि मोजण्याचं अंतर दोन सेकंदांपेक्षा कमी करू नका.

मी तर काहीच करत नाही. मग प्रोसेसर कसलं काम करतोय?

तुम्ही माउसला हात लावत नसाल तेव्हाच विंडोजला मोकळा वेळ मिळतो. डिफेंडरची तपासणी, शोधासाठी फाइलींची सूची करणं, अपडेट बसवणं, डिस्कची देखभाल ही कामं बऱ्याचदा पीसी मोकळा दिसला की सुरू होतात आणि तुम्ही परतलात की यातली अनेक थांबतात. त्यामुळे 'मी उठून गेलो की पंखा ओरडतो, माउस हलवला की गप्प होतो' ही तक्रार नेहमीची आहे. टास्क मॅनेजरमध्ये 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' किंवा 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर' ही नावं वर दिसली तर त्यांना काम पुरं करू द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. चोरून क्रिप्टो माइनिंग करणारी काही मालवेअरही अशीच वागतात, टास्क मॅनेजर उघडला की दबा धरून बसतात. पायरेटेड गेम किंवा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर हा संशय आधी घ्या. ओळखायची खूण तापमानाच्या उड्यांत नाही, सपाट रेषेत आहे. मोजणारं सॉफ्टवेअर लॉग लिहीत ठेवून तासभर बाजूला व्हा. देखभालीची कामं वर-खाली होतात आणि संपतात. माइनर तासन् तास एकाच पातळीवर वीज खात राहतो.

यूट्यूबवरचा एक व्हिडिओ थंड चालतो, दुसरा पीसी तापवतो. असं कसं?

व्हिडिओचा कोडेक (व्हिडिओ आकसून साठवण्याची आणि परत उलगडण्याची पद्धत) बदलला की असं होतं. ग्राफिक्स चिपमध्ये त्या कोडेकसाठी वेगळं हार्डवेअर असेल तर प्रोसेसरला फारसं काम उरत नाही. जुन्या ग्राफिक्सला एव्ही१ हा नवा कोडेक समजत नाही, मग सगळं उलगडायचं काम प्रोसेसरच्या कोअरवर पडतं.

एक कोअर ७४ वर, शेजारचा ६३ वर. पेस्ट नीट लागली नाही का?

पाच-दहा अंशांचा फरक सहसा निरुपद्रवी. मधला कोअर चहूबाजूंनी तापतो, कडेच्याला एक बाजू मोकळी मिळते. शिवाय कारखान्यातून येणाऱ्या प्रत्येक कोअरची गुणवत्ता थोडी निराळी असते आणि ऑपरेटिंग सिस्टिम हलकी कामं चांगल्या कोअरकडेच पाठवते, त्यामुळे तोच जास्त तापतो. सेन्सरही तंतोतंत नसतात. ते वरच्या मर्यादेजवळ विश्वासार्ह राहतील असे बेतलेले असतात, तळाला त्यांची चूक वाढते. खोली ३० वर असताना एखादा कोअर २६ दाखवत असेल तर ती सेन्सरची चूक, कूलरची करामत नव्हे.

पूर्ण लोडखाली मात्र फरक १५-२० अंशांचा असेल आणि नेहमी त्याच बाजूचे कोअर तापत असतील तर कूलर तिरका बसलाय का ते पाहा.

रेंडर लावला की पहिल्या अर्ध्या मिनिटात ८८, मग आपोआप ७० वर येतं. काय बदललं?

विजेची परवानगी. इंटेलच्या प्रोसेसरला दोन मर्यादा असतात, थोड्या वेळासाठीची मोठी आणि कायमची लहान. आय५-१२४०० ला मूळ ६५ वॅट, टर्बोत ११७ वॅट. आय९-१३९००के ला १२५ आणि २५३. ठरलेली मुदत संपली की प्रोसेसर लहान मर्यादेत येतो, वेग उतरतो आणि त्यामागोमाग तापमानही. ही मुदत मॉडेल आणि मदरबोर्डनुसार २८ सेकंदांपासून मिनिटभरापर्यंत दिसते. महागड्या मदरबोर्डचे निर्माते पुष्कळदा या मर्यादा सरसकट काढून टाकतात, त्यामुळे तोच प्रोसेसर मित्राकडे ७० वर आणि तुमच्याकडे ९५ वर चालतो. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन इंटेलच्या मूळ मर्यादा लावा, बहुतेक कामांत वेगाचा फरक जाणवणारही नाही.

पंखा दर मिनिटाला घोंघावतो आणि थांबतो. हे कसं थांबवायचं?

उड्यांचा खरा त्रास हाच आहे, आणि सुदैवानं याचा इलाज फुकट आहे.

मूळ सेटिंगमध्ये पंखा प्रोसेसरच्या आकड्यामागे धावतो. आकडा सिलिकॉनचा, क्षणात बदलणारा, आणि पंखा ज्याला वारा घालतो तो हीटसिंक मिनिटांत तापणारा. दोन सेकंदांच्या उडीसाठी पंखा पळवून काहीही साधत नाही, कारण तेवढ्यात हीटसिंक तापलेलाच नसतो.

बायोसमध्ये पंख्याचं पान उघडा. तापमान आणि वेग यांचा आलेख असतो. ६० ते ६५ पर्यंत रेषा सपाट ठेवा, साधारण ३५-४० टक्क्यांवर, जिथे पंख्याचा आवाज ऐकू येत नाही. तिथून हळूहळू चढवत ८५ ला पूर्ण वेग द्या. मग विलंबाचं सेटिंग शोधा. ते कुठे 'स्टेप अप टाइम', कुठे 'हिस्टेरेसिस', कुठे 'टेम्परेचर इंटरव्हल' अशा नावानं असतं. जेवढा विलंब मिळेल तेवढा घ्या. उडी येऊन जाईल आणि पंख्याला पत्ताही लागणार नाही. एवढं केल्यावर लोक पीसी बदलल्यासारखे खूश होतात, आतलं तापमान होतं तसंच असतं तरी.

लिक्विड कूलर लावला तर उड्या बंद होतील?

नाही. पाणी, तांबं, हवा सगळं सिलिकॉन आणि झाकण यांच्या पलीकडे आहे, उडी अलीकडे घडते. लिक्विड कूलरचा फायदा लांब चालणाऱ्या जड कामात मिळतो. पाणी सावकाश तापतं, म्हणून त्याची परीक्षा पाच मिनिटांत घेऊ नका, निदान अर्धा तास लोड चालू ठेवा. शक्य असेल तर त्याचे पंखे प्रोसेसरऐवजी पाण्याच्या तापमानाला जोडा आणि पंप एकाच वेगावर ठेवा.

लॅपटॉपमध्ये हे सगळं जास्तच का जाणवतं?

कूलर लहान आहे म्हणून. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपच्या हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या) सामायिक असतात, त्यामुळे गेम खेळताना एकाची उष्णता दुसऱ्याच्या आकड्यात दिसते. चार्जर लावला की वीज जास्त मिळते, तापमान चढतं. बॅटरीवर तोच लॅपटॉप थंड आणि थोडा मंद. गादीवर किंवा उशीवर ठेवला तर खालची जाळी बंद होते आणि पाच-दहा अंश सहज वाढतात.

ज्यांना फक्त ऑफिसचं काम आणि ब्राउझिंग करायचंय त्यांना एक युक्ती सांगतो. विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करा. बहुतेक लॅपटॉपवर यानं टर्बो बंद होतो, उड्या जवळजवळ नाहीशा होतात. किंमत वेगात मोजावी लागते आणि ती कमी नसते, तेव्हा व्हिडिओ एडिटिंग किंवा कोडिंग करणाऱ्यांनी हे करू नये.

उन्हाळ्यात आकडे चढतात. किती चढणं साहजिक?

खोली जेवढी तापली, साधारण तेवढंच. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त दोघांतलं अंतर राखतो. समजा कूलरची क्षमता अशी आहे, की प्रत्येक वॅटमागे अर्धा अंश वाढतो. ६५ वॅटच्या कामाला आकडा खोलीपेक्षा ३२-३३ अंशांनी वर राहील. जानेवारीत पुण्यात सकाळी खोली १८ वर असेल तर प्रोसेसर ५० वर, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे बंद खोली ४० वर गेली तर तोच पीसी ७२-७३ वर. मशीन तेच, कामही तेच. एसीचा कंप्रेसर चालू-बंद झाला तरी आकडा सावकाश दोन-तीन अंश हेलकावतो. म्हणून तापमान लिहून ठेवताना शेजारी खोलीचं तापमानही लिहा, नाहीतर त्या नोंदीला अर्थ नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांसाठी: पीसीवर खोलीतल्या पाण्याच्या कूलरचा थेट झोत घेऊ नका. खोली थंड झाल्याचा फायदा पीसीला मिळतोच. पण झोतासमोर बारीक तुषार उडतात आणि पाणी जड असेल तर क्षारांचा पांढुरका थर हीटसिंकच्या पात्यांवर आणि मदरबोर्डवर साचतो. धूळ ओलसर होऊन अशी घट्ट बसते की ब्लोअरनंही निघत नाही. पीसी झोतापासून बाजूला ठेवा आणि खोलीची एक खिडकी उघडी राहू द्या.

कोकणात उलट प्रश्न येतो, दमट हवेनं प्रोसेसर जास्त तापतो का. प्रोसेसरला घाम येत नाही, त्यामुळे हवेतल्या दमटपणाचा तापमानावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. दमटपणाचा त्रास गंजाचा आणि चिकट धुळीचा.

आमच्याकडे विजेचा दाब सारखा कमी-जास्त होतो. त्यानं आकडा हलतो का?

नाही. घरातल्या विजेचं एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) १२ व्होल्टमध्ये रूपांतर करतो आणि मदरबोर्डवरची सर्किट त्याचे साधारण एक व्होल्ट करून प्रोसेसरला देतात. दाब २०० झाला काय नि २४० झाला काय, प्रोसेसरपर्यंत ते पोचत नाही. फार घसरला तर पीसी सरळ बंद पडेल.

मग धोक्याचं तापमान कोणतं?

प्रत्येक मॉडेलची वरची मर्यादा ठरलेली असते. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरची १००. रायझन ५८००एक्स ची ९०, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५, ७८००एक्स३डी ची ८९. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि तरीही आवरलं नाही तर पीसी बंद करतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी सगळ्यांकडे ही सोय नव्हती. २००१ मध्ये चालू मशीनवरून कूलर उचलण्याचे प्रयोग झाले, तेव्हा पेंटियम ४ नुसता मंदावला आणि तेव्हाचे अ‍ॅथलॉन जळून गेले. आज तसं होत नाही.

रायझन ७९५०एक्स सारखे प्रोसेसर तर जड कामात ९५ गाठतील आणि तिथेच राहतील असेच बनवलेत. तिथे ९५ पाहून कूलर बदलायला धावू नका.

मात्र तापमान ठीक म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतले मोठे डेस्कटॉप प्रोसेसर क्रॅश होऊ लागले, तेव्हा २०२४ मध्ये इंटेलनं मुख्य कारण म्हणून गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजकडे बोट दाखवलं आणि मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे त्या पिढीतला आय७ किंवा आय९ असेल तर आकड्यांकडे बघत बसण्याआधी बायोस अपडेट करा. झालेलं नुकसान त्यानं भरून येत नाही, पुढचं टळतं.

सततच्या चढउतारानं आयुष्य कमी होतं का?

धातू आणि सिलिकॉन वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे तापण्या-निवण्याचा ताण जोडांवर येतो हे खरं. पण हा ताण मोठ्या फेऱ्यांत बोचतो, थंडगार बंद अवस्थेपासून पूर्ण तापेपर्यंतच्या. ब्राउझर उघडतानाची २० अंशांची उडी सिलिकॉनच्या एका कोपऱ्यात येऊन विरते, जोडांपर्यंत तिचा फारच थोडा अंश जातो. प्रोसेसर सहसा मागे उरतो. आधी जातात ते पंखे, एसएमपीएस, मदरबोर्डवरचे कपॅसिटर.

खरा बिघाड कसा ओळखायचा?

उडीची उंची बघू नका, चढण्याचा वेग बघा. सगळ्या कोअरवर एकदम लोड देणारी एखादी चाचणी लावा आणि आकडा कसा चढतो ते पाहत राहा.

लोड लागल्यापासून तीन-चार सेकंदांत थेट ९५-१०० आणि लोड काढताच धाडकन ५० वर, असं असेल तर कूलर आणि प्रोसेसर यांचा संपर्क बिघडलाय. खात्री करायची साधी रीत आहे. चाचणी चालू असताना हीटसिंकच्या बुंध्याला, पंख्यापासून बोट सांभाळून, हात लावा. आकडा ९५ आणि हीटसिंक कोमट, म्हणजे उष्णता वर पोचतच नाही. इंटेलच्या डब्यातून येणाऱ्या कूलरला चार खुंट्या असतात आणि त्यातली एखादी अर्धवट बसणं हा असेंबल्ड पीसीतला फार नेहमीचा दोष. मदरबोर्डच्या मागून पाहा: प्रत्येक भोकात पांढऱ्या प्लॅस्टिकचे पाय फाकलेले आणि त्यांच्या मधून काळी खुंटी आलेली दिसली पाहिजे. एकीकडे काळं टोक दिसत नसेल तर तीच गुन्हेगार. नव्या कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म न काढता तो तसाच बसवलेलाही सापडतो. लिक्विड कूलरमध्ये हेच लक्षण पंप बंद पडल्याचं असतं.

आकडा आधी ७० वर थांबतो आणि मग दहा-पंधरा मिनिटं सावकाश चढत ९० ला जातो, असं असेल तर संपर्क ठीक आहे, वारा कमी पडतोय. धूळ, कॅबिनेटच्या पुढच्या बंद काचा, उलटा लावलेला पंखा, भिंतीला टेकवलेली मागची बाजू.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. रोजच्या रोज काही कळत नाही, पण वर्षापूर्वी तीच चाचणी, तेवढ्याच खोलीच्या तापमानात ७२ दाखवायची आणि आता ८४ दाखवते. पेस्ट वाळली किंवा कडेला सरकली, नाहीतर पात्यांत धूळ बसली. जुनी नोंद नसेल तर हे कळणारच नाही, म्हणून नवा पीसी आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक चाचणी लावून आकडा लिहून ठेवा.

पेस्ट किती दिवसांनी बदलायची?

कॅलेंडर बघून नाही, वरची नोंद बघून. चांगली पेस्ट डेस्कटॉपमध्ये काही वर्षं आरामात टिकते, लॅपटॉपमध्ये लवकर वाळते. झाकण असलेल्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला मधोमध वाटाण्याएवढी पुरते. रायझनचा कूलर काढताना आधी पीसी थोडा वेळ चालवून गरम करा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळून सोडवा. रायझनच्या एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरच्या प्रोसेसर बसवायच्या खाचेत) थंड कूलर सरळ ओढला तर त्याला चिकटून प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात.

तापमान बघायला काय वापरू?

विंडोज ११ चा टास्क मॅनेजर ग्राफिक्सचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं नाही. एचडब्ल्यूइन्फो फुकट आहे आणि पुरेसं आहे. लिनक्सवर 'सेन्सर्स' ही कमांड. एचडब्ल्यूइन्फोमध्ये आत्ताचा, किमान, कमाल आणि सरासरी असे चार रकाने असतात. लोक कमाल रकाना पाहून धास्तावतात, पण त्यात एका क्षणाची उडी कायमची नोंदलेली राहते. सरासरीचा रकाना आणि शेजारी 'सीपीयू पॅकेज पॉवर' ही वॅटची ओळ पाहा. वॅट वाढले म्हणून तापमान वाढलं असेल तर प्रोसेसर काम करतोय. वॅट तेवढेच राहून तापमान वाढत असेल तर स्क्रूड्रायव्हर शोधा.